जुना फोन सुरू होईना? सॉफ्टवेअर मारण्याआधी एवढं तपासा

दुकानदार फोन हातात घेतो, दोनदा बटण दाबून बघतो आणि म्हणतो, “सॉफ्टवेअर मारावं लागेल.” बहुतेक गिऱ्हाइकं मान डोलावतात. फोटो, व्हॉट्सॲपवरची बोलणी, जपून ठेवलेल्या पावत्या त्यात धुऊन निघणार, हे ध्यानात येतं ते फोन परत हातात आल्यावर. खरा दोष मात्र कितीदा तरी चार्जिंगच्या भोकात दाबून बसलेल्या कापसात असतो, नाहीतर कव्हरने दाबून धरलेल्या बटणात.

म्हणून आधी एक ठरवा. तुम्हाला फोन हवाय की फोनमधलं काही? फोनच हवा असेल तर वाटा बऱ्याच आहेत. आतलं हवं असेल तर रिसेट आणि सॉफ्टवेअर हे दोन शब्द सध्या विसरा, आणि पुढचं सगळं त्याच क्रमाने करा.

सिम बाहेर

पडदा काळा असूनही फोन कंपत किंवा वाजत असेल तर सिम आतच राहू द्या, त्याचं पुढे सांगितलंय. नाहीतर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाका. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात, आणि यूपीआयचं ॲप दुसऱ्या फोनवर चालू करायचं तर त्या सिमवरूनच पडताळणीचा एसएमएस जावा लागतो. मेमरी कार्ड असेल तर तेही काढा. खराब झालेल्या कार्डामुळे काही जुने फोन सुरू होताना लोगोवरच अडकतात, आणि कार्ड काढल्यावर निमूट चालू होतात.

दुसऱ्या फोनवर व्हॉट्सॲप उघडायची घाई नको. उघडलंच, आणि गूगल ड्राइव्हवरचा बॅकअप परत घ्यायचा का असं विचारलं, तर ‘वगळा’ दाबू नका. वगळलं की पुढचा रिकामा बॅकअप जुन्याच्या जागी बसतो, आणि तिथलंही जातं.

‘सुरू होत नाही’ म्हणजे नेमकं काय होतं?

कव्हर काढा. हे आधी सांगायचं कारण, जुनं रबरी कव्हर आक्रसतं आणि पॉवरचं बटण सतत दाबलेलं राहतं. असा फोन लोगो दाखवतो, दहाएक सेकंदांनी बंद होतो, पुन्हा लोगो दाखवतो. कव्हर काढल्यावर बटणं एकेक करून दाबा. प्रत्येकाला ‘टिक’ असा स्पष्ट खटका जाणवला पाहिजे. एखादं मऊ लागलं, आत रुतलं, तर संशय तिथेच.

आता फोन नेमका काय करतो ते बघा. काहीच नाही, कंपही नाही? कंप होतो, पण पडदा काळा? चार्जिंगचं चिन्ह दिसतं, पण पुढे जात नाही? लोगोवर घुटमळतो? की पूर्ण सुरू होऊन पाच-दहा मिनिटांत मान टाकतो? हे पाच आजार वेगळे आहेत आणि औषधंही वेगळी.

पडदा काळा असेल तर फोन मेला असं समजू नका. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर तिरका टॉर्च मारा. एलसीडी पडद्याचा मागचा दिवा गेला असेल तर चित्र अंधूक दिसतं. सिम अजून आतच असेल तर त्या नंबरवर फोन लावा. रिंग गेली, कंप झाला, तर बोर्ड, म्हणजे आतलं मुख्य सर्किट, जिवंत आहे आणि दोष डिस्प्लेत, ज्याला दुकानात ‘फोल्डर’ म्हणतात. आणखी एक खूण: त्या नंबरला व्हॉट्सॲपवर निरोप टाका. संगणकावर व्हॉट्सॲप वेब उघडं नसताना दोन टिका आल्या, तर फोन चालू आहे आणि कुलूपही एकदा उघडलेलं आहे. अशा फोनला बंद करू नका, सिमही काढू नका. पुन्हा सुरू केल्यावर पॅटर्न टाकावा लागेल, आणि तो न दिसणाऱ्या पडद्यावर टाकणार कसा? तसाच चार्जरवर ठेवून डिस्प्लेच्या कामाला न्या. चित्र दिसतं पण टच चालत नाही अशी गत असेल, तर ओटीजी, म्हणजे फोनच्या भोकाला यूएसबी वस्तू लावायचा छोटा जोड, लावून त्याला साधा संगणकाचा माउस जोडा. बहुतेक ॲन्ड्रॉइड फोनवर बाण उमटतो आणि सगळा डेटा काढून घेता येतो.

चार्जिंगची बाजू

‘डेड’ फोनांचा सर्वात मोठा गठ्ठा इथेच सापडतो, त्यामुळे इथे वेळ घाला.

सोलापुरात यंत्रमागाच्या कारखान्यात, चादरी-टॉवेलच्या दुकानात किंवा नुसतं साखर पेठेतल्या घरात राहिलेल्या फोनचं भोक टॉर्चखाली बघा. हवेतला सुती तंतू खिशातून आत जातो, प्रत्येक वेळी केबल खुपसली की तळाशी ठासला जातो, आणि वर्षा-दोन वर्षांत त्याची नमद्यासारखी घट्ट चकती होते. ती धूळ म्हणून दिसत नाही, भोकाचा तळच राखाडी आहे असं वाटतं. ओळखायची खूण म्हणजे केबल पूर्ण बसत नाही. पिनच्या धातूचा मिलिमीटरभर भाग बाहेर राहतो, आणि फोन हलवला की चार्जिंग तुटतं.

काढायचं असं: फोन बंद. लाकडी दातकोरणीचं टोक ब्लेडने चपटं करा. सी-टाइप भोकाच्या मध्यभागी पातळ जीभ असते. तिला धक्का न लावता भिंतीच्या कडेने टोक आत घाला आणि उकरत बाहेर ओढा. चकती बहुतेक एका तुकड्यात निघते. टाचणी, सेफ्टी पिन, सुई चालवू नका. विजेच्या आणि अर्थिंगच्या पिनांमध्ये अगदी थोडं अंतर असतं, धातूचं टोक दोन्हीला लागलं की शॉर्ट, आणि जिभेवरचा सोन्याचा मुलामा खरवडला तो वेगळाच. शेवटी ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ ब्रशला लावून फिरवा आणि १५ मिनिटं वाळू द्या. हाताचं सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी असतं आणि बऱ्याचदा ग्लिसरीनही. विडी वळणाऱ्या घरातला फोन असेल तर तंबाखूची भुकटी निघते. ती ओलसर चिकट असते, तिला दोनदा ब्रश लागतो.

मग केबल. सी-टाइप पिन एकदा सरळ, एकदा उलटी लावून बघा. एकाच बाजूने चार्ज होत असेल तर पिना झिजल्या आहेत आणि चार्जिंगची पट्टी, म्हणजे भोक ज्यावर बसवलेलं असतं तो आतला भाग, बदलावी लागेल. दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलवर काहीच होत नसेल, तर जुन्या चौकोनी यूएसबी टोकाची केबल आणि साधा ५ व्होल्टचा चार्जर लावा. दोन्हीकडे सी असली की चार्जर आधी फोनची ओळख पटवतो आणि मगच वीज सोडतो. ओळखीची पिन गेली असेल तर तो गप्प बसतो. चौकोनी टोकाचा चार्जर विचारत बसत नाही, ५ व्होल्ट देतोच.

तरी निवांत? आता धीर धरा. कपाटात सहा महिने पडलेल्या फोनची बॅटरी ३ व्होल्टच्या खाली गेलेली असते. अशा बॅटरीला फोन एकदम जोरात चार्ज करत नाही. आधी थोडा थोडा प्रवाह सोडून तिला वर आणतो. या काळात पडद्यावर काहीही दिसत नाही. हे अर्धा तास चालतं, कधी दोन तास. दर पाच मिनिटांनी केबल काढून बटण दाबलं, तर जमलेली थोडीशी वीजही त्या प्रयत्नात जाते. दोन तास हात लावू नका.

उन्हाळ्याची एक गोष्ट वेगळी. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४० च्या वर जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. आयफोनसाठी ॲपलने वापराची मर्यादाच ० ते ३५ अंश सांगितली आहे, आणि बॅटरी ४५ अंशांच्या आसपास पोचली की बहुतेक फोन चार्जिंग थांबवतात. दुपारी गाडीच्या हँडलला लावलेला फोन सात रस्त्यापर्यंत जाऊन बंद पडला आणि चार्जही होईना, तर तो बिघडलाय असं धरू नका. कव्हर काढून शहाबादी फरशीवर, पंख्याखाली, अर्धा तास ठेवा. फ्रिजमध्ये नको. बाहेर काढताच आत दव धरतं, आणि साध्या तापण्याचं पाणी शिरण्यात रूपांतर होतं.

वारंवार जुने फोन हाताळणाऱ्यांनी यूएसबी मीटर घ्यावा. चार्जर आणि केबलच्या मध्ये तो लावायचा, पडद्यावर व्होल्ट आणि ॲम्पिअर दिसतात. ०.०० ॲम्पिअर म्हणजे वीज आतच जात नाही: भोक, पट्टी किंवा बॅटरीचा सुटलेला जोड. ०.०५ ते ०.१५ वर तासभर रेंगाळला तर बॅटरी अगदी तळाला आहे किंवा घेतच नाही. ०.५ च्या वर स्थिर राहिला तर चार्जिंग ठीक, दोष पुढे शोधा. आकडा चढतो, पडतो, पुन्हा त्याच लयीत चढतो, तर फोन सुरू व्हायचा प्रयत्न करून पडतोय.

बटणांची जुळणी

फोन गोठून काळा झाला असेल तर त्याला जबरदस्तीने पुन्हा सुरू करता येतं. याने डेटा जात नाही, त्यामुळे बिनधास्त करा. सॅमसंगवर व्हॉल्यूम कमी आणि पॉवर एकत्र, ७ सेकंदांहून जास्त. रेडमी-शाओमीवर नुसतं पॉवर, १५ सेकंद. ओप्पो-रिअलमीवर पॉवर आणि व्हॉल्यूम वाढवा, १० सेकंद. आयफोन ८ आणि नंतरच्यांवर व्हॉल्यूम वाढवा दाबून सोडा, कमी दाबून सोडा, मग बाजूचं बटण सफरचंद दिसेपर्यंत धरून ठेवा. आयफोनवर लोक हमखास इथे चुकतात: पहिली दोन बटणं भराभर दाबून सोडायची असतात, धरायची नसतात. जुळणी चार्जर लावलेला ठेवून दोन-तीनदा करा.

रेडमी दर वेळी ‘फास्टबूट’ असं लिहिलेल्या पडद्यावरच उघडत असेल तर सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी व्हॉल्यूम कमी करायचं बटण बघा. ते आत अडकलंय किंवा त्याची पट्टी शॉर्ट आहे. पॉवरसोबत ते दाबलं गेलं की फोन त्या पडद्यावर जातो, म्हणजे फोन सांगितलेलं काम इमानाने करतोय.

लोगोवर अडकलेला फोन

इथेच घाईने डेटा जातो. लोगोपर्यंत येणारा फोन म्हणजे बोर्ड, डिस्प्ले आणि बऱ्यापैकी बॅटरी जिवंत आहे. नेहमीची कारणं तीन. साठवण काठोकाठ भरली आणि सुरू होताना लागणाऱ्या तात्पुरत्या फायलींना जागाच उरली नाही. अपडेट अर्धवट बसला. नाहीतर मेमरीची चिप झिजली.

आधी फोन ५० टक्क्यांवर चार्ज होऊ द्या. मग रिकव्हरीत, म्हणजे दुरुस्तीच्या पर्यायांच्या यादीत, शिरा: फोन बंद असताना सॅमसंग आणि रेडमीवर पॉवर आणि व्हॉल्यूम वाढवा, ओप्पो-रिअलमीवर पॉवर आणि व्हॉल्यूम कमी. नव्या सॅमसंगला त्या वेळी केबलने संगणक जोडलेला लागतो, नाहीतर तो रिकव्हरी उघडतच नाही. आडवा पडलेला रोबो आणि ‘नो कमांड’ दिसलं तर पॉवर धरून व्हॉल्यूम वाढवा एकदा टिचकीसारखं दाबा.

यादीत ‘रीबूट सिस्टिम नाऊ’ असतं, ते आधी. ‘वाइप कॅश पार्टिशन’ असेल तर ते चालतं, त्याने तुमचं काही पुसलं जात नाही. ‘वाइप डेटा’ किंवा ‘फॅक्टरी रिसेट’ हे मात्र सगळं पुसतं. रेडमीच्या यादीत ‘वाइप कॅश’ नसतंच, सरळ ‘वाइप डेटा’ असतं, आणि सॅमसंगच्या सवयीचा हात तिथे पटकन जातो. बोट ठेवण्याआधी ओळ पूर्ण वाचा. ‘तुमचा डेटा खराब झाला असावा’ अशा अर्थाचा पडदा आला तर त्यावर दोन पर्याय असतात. ‘ट्राय अगेन’ निवडा, एकदा नव्हे, चार-पाचदा, मध्ये फोन थंड होऊ देत. चौथ्या खेपेला उघडलेले फोन आहेत. उघडला की आधी फोटो बाहेर, बाकी नंतर.

कुलपाच्या पडद्यापर्यंत येऊन पुन्हा बंद होणाऱ्या फोनला सेफ मोडमध्ये, म्हणजे नंतर टाकलेली ॲप बंद ठेवून, सुरू करा: लोगो दिसताच व्हॉल्यूम कमी धरून ठेवा. तिथे तो टिकला तर एखादं ॲप गुन्हेगार आहे. शेवटी टाकलेलं काढा आणि साठवणीतली निदान १० टक्के जागा मोकळी करा.

रिसेट करावाच लागला तर त्या फोनमधल्या गूगल खात्याचा ईमेल आणि पासवर्ड आठवतोय ना, हे आधी पक्कं करा. ॲन्ड्रॉइड ५.१ पासून रिकव्हरीतून रिसेट केलेला फोन जुनंच खातं मागतो. मुलाने कधीकाळी काढून दिलेलं खातं आठवत नाही, म्हणून चांगला फोन कुलूपबंद पडून राहतो.

सुरू होऊन मान टाकणारा

चार्जरवर चालतो, काढला की बंद. किंवा ३० टक्के दाखवत असताना कॅमेरा उघडला की गेला. ही बॅटरी आहे, आणि टक्क्यांवर विश्वास ठेवून लोक इथे फसतात. लिथियम बॅटरी साधारण ५०० पूर्ण चार्जनंतर ८० टक्क्यांच्या आसपास येते, पण नुसती क्षमता घटत नाही, आतला अवरोधही वाढतो. गच्चीवरची टाकी भरलेली आहे, पण क्षारांनी पाइप बुजलाय, अशी ती गत. धार बारीक असेपर्यंत चालतं. सुरू होताना प्रोसेसर पूर्ण वेगाने धावतो, एकदम मोठा प्रवाह ओढतो, व्होल्टेज खाली कोसळतं आणि फोन स्वतःला बंद करतो. २०१७ मध्ये ॲपलने जुन्या बॅटरीचे आयफोन मुद्दाम हळू केल्याचं कबूल केलं, त्यामागे हेच कारण होतं.

दुकानात बॅटरीला ‘बूस्ट’ मारून देतात. तळाला गेलेल्या चांगल्या बॅटरीला त्याने जाग येते. म्हाताऱ्या बॅटरीला मात्र दोन दिवसांचं आयुष्य मिळतं. बॅटरी बदला.

मागचं झाकण एका बाजूने उचललंय, डिस्प्लेच्या कडेने उजेड गळतोय, फोन टेबलावर ठेवला की गरगर फिरतो: बॅटरी फुगली. चार्जर लावू नका, दाबून बसवू नका, टोचू नका.

उघडायचाच असेल तर

हे काम ज्याचा हात स्थिर आणि घाई नाही त्यानेच करावं. लागतं ते असं: बारीक फिलिप्स आणि टॉर्क्स पेचकस, प्लास्टिकची पट्टी किंवा जुनं सिम कार्ड, हेअर ड्रायर, मल्टिमीटर.

फोन बंद करा. झाकणाच्या कडा ड्रायरने दोन-तीन मिनिटं गरम करा, हाताला चटका बसेल न बसेल इतपत. पट्टी आत सरकवा, पण तीन-चार मिलिमीटरच. फिंगरप्रिंट मागे असलेल्या फोनमध्ये झाकणाला पातळ पट्टी जोडलेली असते. झाकण सरळ उपटलं की ती तुटते, म्हणून आधी पुस्तकासारखं थोडंच उघडून बघा. स्क्रू कागदावर फोनचा आकार काढून त्या-त्या जागी ठेवा. त्यांची लांबी वेगवेगळी असते, आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला की तो बोर्डाच्या आतले थर फोडतो. असा बोर्ड सहसा दुरुस्त होत नाही.

सगळ्यात आधी बॅटरीचा जोड प्लास्टिकने उचला. पडलेल्या फोनमध्ये हा जोडच सैल झालेला सापडतो. पुन्हा दाबून बसवला, टक असा आवाज आला, आणि फोन सुरू झाला, तर तुमचं काम तिथेच संपलं. नाही तर मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून बॅटरीच्या टोकांवर मोजा. ३.७ च्या वर असेल तर आधी दुसरीकडे शोधा. ३ च्या खाली असेल तर ती तळाला आहे. शून्य असेल तर आतल्या संरक्षण सर्किटने तोडलंय.

जोडांभोवती हिरवट किंवा पांढरी पूड म्हणजे पाणी शिरलं होतं. सिमच्या खाचेतला पांढरा ठिपका लाल झाला असेल तर तीच खूण. ९९ टक्क्यांच्या अल्कोहोलने ब्रश मारून धुवा. तांदळाच्या डब्याने काही होत नाही. ज्वारीच्या कोठीत ठेवला तरी पूड आपलं गंजवायचं काम चालूच ठेवते.

दुकानात गेल्यावर

नवी पेठेत मोबाईलची दुकानं रांगेने आहेत, पण पट्ट्या-फोल्डर बदलणारा वेगळा आणि बोर्डाचं काम करणारा वेगळा. डेटा हवा असेल तर बोर्डवाल्याकडे जा, आणि त्याच्या टेबलावर डीसी पॉवर सप्लाय आहे का बघा. तो बॅटरीच्या जागी ४ व्होल्टच्या आसपास वीज जोडतो. आकडे काउंटरवरून दिसतात, बघायला लाजू नका. बटण न दाबताच प्रवाह वाहायला लागला तर मुख्य लाइनवर शॉर्टिंग आहे. बऱ्याचदा एखादा कपॅसिटर बदलून ते सुटतं. बटण दाबूनही शून्यच, तर ऑन-ऑफची पट्टी किंवा पॉवर आयसी, म्हणजे वीज वाटणारी चिप. थोडासा चढून तिथेच खिळला, तर प्रोसेसर किंवा मेमरी, आणि इथून पुढे खर्च फोनच्या किमतीशी ताडून बघा.

‘मेमरी आयसी काढून दुसऱ्या बोर्डावर डेटा काढून देतो’ असं कुणी सांगितलं तर थांबा. ॲन्ड्रॉइड १० सोबत आलेल्या फोनांमध्ये साठवण सांकेतिक करणं, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात ठेवणं, सक्तीचं आहे, त्याआधीच्याही बऱ्याच फोनांत ती तशीच असते. किल्ली त्याच प्रोसेसरशी बांधलेली असते, आणि ती उघडायला तुमचा पिनही लागतो. नुसती चिप काढून हाती निरर्थक आकडे येतात. आहे तोच बोर्ड जिवंत करणं, किंवा प्रोसेसर आणि मेमरी दोन्ही उचलून नेणं, हाच मार्ग.

हिटगनने गरम केल्यावर सुरू झालेला फोन दुरुस्त झाला असं धरू नका. सुटलेलं सोल्डर थोडा वेळ टेकतं. तो जिवंत असलेल्या त्या तास-दोन तासांत फोटो काढून घ्या.

बोर्ड बदलून देणार असतील तर पैसे देण्याआधी *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख-नंबर, बघा. मग ‘केवायएम’ ही तीन इंग्रजी अक्षरं, एक जागा सोडून तो १५ अंकी नंबर, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. चोरीचा म्हणून बंद केलेला नंबर निघाला तर फोनला रेंजच मिळणार नाही.

पॅटर्न दुकानदाराला लिहून देऊ नका, तपासताना स्वतः टाका. जुनी बॅटरी मागून घ्या. न फुगलेली असेल तर टोकांवर चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. फुगलेली असेल तर कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून न्या. घंटागाडीत टाकली की ती दाबली जाते आणि पेट घेते. काउंटर सोडण्याआधी तिथेच पाच मिनिटं चार्जिंग लावून बघा, एक कॉल करा, समोरच्याला तुमचा आवाज जातोय ना विचारा, दोन्ही कॅमेरे उघडा, आणि बोट लावून फोन उघडतोय का ते पाहा. ती मागची पातळ पट्टी तुटली असेल तर इथेच कळेल.